मदरबोर्ड जोडताना या चुका टाळा

‘डेड’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बोर्डांपैकी खरोखर मेलेले फार थोडे निघतात. बाकीचे जोडणाऱ्याने घाईत मारलेले असतात, किंवा धडधाकट असतात आणि जोडणी चुकलेली असते. पहिल्या प्रकाराचं मला फार वाईट वाटतं, कारण तो खर्च टळण्यासारखा असतो.

सगळ्यात आधी सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. माझ्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून बी६६० चिपसेटचा बोर्ड, आय५-१२४०० प्रोसेसर आणि ८ जीबीच्या दोन रॅम आणल्या. रात्री अकराला फोन आला, ‘मामा, सोळा जीबी टाकलीय आणि आठच दाखवतोय.’ त्याने रॅम अदलून-बदलून पाहिली होती, चारही स्लॉट पाहिले होते, सेल काढून बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) रीसेट केला होता, नवा बायोसही टाकून झाला होता. प्रोसेसरच्या बाजूचे दोन स्लॉट काही केल्या रॅम ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानात गेला. त्यांनी प्रोसेसर उचलला, टॉर्च मारला आणि सांगितलं, ‘पिन वाकलीय, वॉरंटीत बसणार नाही.’ बोर्ड घेऊन तो माझ्याकडे आला.

त्याच्या बोर्डावर इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट होतं. त्यात सतराशे पिना असतात, केसासारख्या बारीक आणि एकाच अंगाला कललेल्या. वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं भाताचं शेत आठवा. टॉर्च तिरपा धरला की सगळ्यांची टोकं ओळीने चमकतात आणि वाकलेली पिन असेल तिथे ओळ तुटते. भाच्याच्या बोर्डात एका कडेला दोन जागी ओळ तुटली होती आणि तिथेच पांढऱ्या सुताचा एक तंतू अडकला होता. मी विचारलं तेव्हा कळलं, की सॉकेटचं काळं प्लास्टिक झाकण त्याने आधीच काढून ठेवलं होतं, नंतर आत धुळीचा कण दिसला आणि त्याने तो फडक्याने पुसला! रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. त्या दोन पिना प्रोसेसरला टेकेनात, म्हणून रॅमचं एक अख्खं चॅनेल, म्हणजे दोन स्लॉटांचा रस्ता, गायब.

भिंग, टेबल लॅम्प आणि शिवणाची बारीक सुई घेऊन बसलो. पिन शेजारणीच्या रेषेत यायला हवी, जास्त नाही आणि कमीही नाही. एकाच पिनेला तीन-चारदा मागे-पुढे केलं की ती तुटते, म्हणून प्रत्येक स्पर्शानंतर हात मागे घ्यायचा आणि तिरप्या उजेडात पाहायचं. दोन तास गेले. सोळा जीबी दिसली, पण प्रत्येकाच्या नशिबी असं होत नाही.

माझी सवय सांगतो. झाकण शेवटपर्यंत ठेवायचं. प्रोसेसर कडांना धरून, त्रिकोणाची खूण आणि खाचा जुळवून सरळ खाली ठेवायचा, दाबायचा नाही. मग लिव्हर बंद करायचा, झाकण आपोआप सुटून वर येतं. लिव्हरला जोर लागतो आणि करकर आवाजही येतो, त्याला घाबरू नका. झाकण बोर्डाच्या खोक्यात जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते मागतात. सॉकेटमध्ये फडकं, कापूस, ब्रश, तोंडाची फुंकर, काहीही नको.

एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, त्यामुळे तिथला धोका कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा, काढताना. दोघांमधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकलेली असली की कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे थोडा फिरवून उचला. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ पासून एएमडीच्याही पिना बोर्डावर गेल्या, तेव्हा सॉकेटच्या पिनांबद्दलचं वरचं सगळं तिथेही लागू.

दुसरी चूक मला भाच्याच्या फडक्याहून भयंकर वाटते. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलायचा आणि जुन्याच्या केबल तशाच ठेवायच्या. ओळखीतल्या एका गृहस्थांनी हेच केलं. केबल कॅबिनेटच्या मागे छान बांधलेल्या होत्या, त्या सोडायचा कंटाळा. नव्या एसएमपीएसला त्या व्यवस्थित बसल्याही. बटण दाबलं आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. एकीत मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. डिस्कला वीज देणाऱ्या साटा पॉवर केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला असा नियम नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाने तारा लावते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. मग पाच व्होल्टच्या तारेत बारा व्होल्ट येतात. प्लग बसला म्हणजे जुळला, असं इथे कधीही समजू नका. जुना एसएमपीएस निघाला की त्याच्या सगळ्या केबल मी त्याच्याच पिशवीत घालतो आणि पिशवीवर मॉडेलचं नाव लिहितो. मागची बांधाबांध पुन्हा करायला फार तर तास लागतो.

आता भराभर. दोनच रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल विसरू नका, ती नसताना पंखे फिरतात आणि माणूस बोर्डाला दोष देतो. कूलरच्या तळाचं प्लास्टिक सोला. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खांब) बोर्डाच्या भोकांशी जुळवून मोजा, एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. बोर्ड आधी बाहेर, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालू करून पाहा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून नको, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते.

डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम असलेलं मशीन, विशेषतः एएम५, पहिल्यांदा सुरू होताना रॅमचं ट्रेनिंग करतं, म्हणजे रॅमशी जुळवून घेतं. स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. नवशिके तिसाव्या सेकंदाला बटण दाबून बंद करतात, ते ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि मग ‘बोर्ड डेड’. पंधरा मिनिटं हात मागे ठेवा. तेवढा धीर नसेल तर जोडणी दुसऱ्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

बी४५० सारख्या जुन्या साठ्यातल्या एएम४ बोर्डावर एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर लावणार असाल, तर बायोस आधी तपासा. ते प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आले, त्याआधीचा बायोस त्यांना ओळखत नाही. फ्लॅशबॅकचं बटण असलेल्या बोर्डात प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून नवा बायोस टाकता येतो. पावसाळ्यात, लाइट ये-जा करत असताना, यूपीएसशिवाय बायोसला हात लावू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. थ्री-पिनला टू-पिन करणारी सॉकेट काढून टाका आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि सगळं ठीक असूनही ‘नो सिग्नल’ येत असेल, तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते मागे जाऊन बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती त्या कार्डात हवी. आय५-१२४००एफ सारख्या, नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआयमधून काहीही दिसणार नाही.