देवाला 'ईर्ष्यावान' म्हटलेले वाचताना अर्थ कसा लावावा

पवित्र शास्त्राचे (बायबलचे) वाचन नव्याने सुरू केलेला मराठी वाचक निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, दहा आज्ञांपाशी, हमखास अडखळतो. मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, असे सांगून परमेश्वर लगेच कारण देतो की मी ईर्ष्यावान देव आहे. जो दुर्गुण लेकरांच्या अंगी येऊ नये म्हणून आपण धडपडतो, तोच येथे देव स्वतःच्या तोंडाने स्वतःला लावून घेतो. मी घेत असलेल्या अभ्यासवर्गात अकरा वर्षांच्या एका मुलीने हा प्रश्न फार नेमका विचारला होता: "देवाला कोणाचा हेवा वाटणार? त्याच्याकडे नाही असं दुसऱ्या कोणाकडे काय आहे?" देवाच्या गोष्टी आपल्या बुद्धीपलीकडच्या असतात, असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. ती गप्प बसली, पण पटले म्हणून नव्हे. त्या दिवशी जे करायला हवे होते, ते येथे क्रमाने मांडतो.

आधी शब्द हातात घ्यावा, आणि त्यासाठी हिब्रूकडे धाव घेण्यापूर्वी आपली मराठी नीट पाहावी. हेवा, मत्सर, असूया, द्वेष आणि ईर्ष्या हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. हेवा वाटणाऱ्याला दुसऱ्याजवळचे आपल्याला हवे असते. मत्सराला तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्याचे भले झालेलेच त्याला सोसत नाही, आणि म्हणूनच तो षड्रिपूंत जाऊन बसला. असूया दुसऱ्याच्या गुणांतही खोट काढते. ईर्ष्या मात्र दोन्हीकडे चालते. ती मत्सराच्या अर्थाने येतेच, पण "संघ ईर्ष्येने खेळला" किंवा "ती ईर्ष्येने पेटून अभ्यासाला लागली" असे म्हणताना आपण निंदा करत नसतो. जीव ओतून, माघार न घेता केलेल्या प्रयत्नाचे ते कौतुक असते. मराठी भाषांतरात 'ईर्ष्यावान' हा शब्द आला, हे म्हणूनच वाचकाच्या पथ्यावर पडले आहे, कारण मूळ हिब्रू शब्दही असाच दुहेरी आहे.

तो मूळ शब्द 'कन्ना'. निर्गम २०:५ व ३४:१४ आणि अनुवाद ४:२४, ५:९ व ६:१५ या पाच वचनांत मिळून तो सहा वेळा येतो, कारण ३४:१४ मध्ये तो दोनदा आहे. 'कन्नो' हे त्याचेच थोडे वेगळे रूप यहोशवा २४:१९ आणि नहूम १:२ येथे आढळते. ही दोन्ही रूपे केवळ देवासाठी वापरली आहेत. माणसाच्या ईर्ष्येसाठी त्याच धातूची इतर रूपे येतात. 'किन्आ' हे त्याच धातूचे नाम. यशया ९:७ मध्ये शांतीच्या राज्याचे वचन दिल्यावर सेनाधीश परमेश्वराची जी तळमळ हे घडवून आणील असे म्हटले आहे, तेथेही मुळात हाच शब्द आहे. गीतरत्न ८:६ मध्ये प्रेम मृत्यूसारखे प्रबळ आहे असे म्हटल्यावर लगेच ईर्ष्या अधोलोकासारखी कठोर असल्याचे सांगितले आहे, तेथेही हाच. तेव्हा पहिली पायरी अशी की, वचन वाचताना त्या जागी एकदा 'मत्सर' आणि एकदा 'तळमळ' हा शब्द ठेवून पाहावा आणि भोवतालच्या ओळी कोणता शब्द स्वीकारतात ते तपासावे. बहुतेक ठिकाणी एक शब्द आपोआप गळून पडतो.

दुसरी पायरी विभक्तीची आहे, आणि मला स्वतःला सर्वांत अधिक उपयोग तिचाच झाला. मराठीत हेवा कोणाचा तरी वाटतो, पण तळमळ कोणासाठी तरी असते. हिब्रूतही बहुतांशी असाच भेद पडतो. राहेलीने बहिणीचा हेवा केला (उत्पत्ति ३०:१) तेथे क्रियापदासोबत एक अव्यय येते. जखऱ्या १:१४ मध्ये परमेश्वर यरुशलेमेसाठी मोठ्या ईर्ष्येने ईर्ष्यावान झालो आहे असे म्हणतो, तेथे दुसरे. हा नियम पोलादी नाही. स्तोत्र १०६:१६ मध्ये मोशेचा हेवा केल्याचा उल्लेख या दुसऱ्या अव्ययानेच आहे, म्हणून केवळ व्याकरणावर विसंबून निकाल देऊ नये. तरीही त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. "देवाला कोणाचा हेवा वाटणार?" या प्रश्नात 'कोणाचा' हे पद चुकीच्या विभक्तीत पडले आहे. 'कोणासाठी' असे विचारले की शास्त्राकडे उत्तर तयार असते.

यानंतर त्याच अध्यायात बारा वचने खाली यावे. निर्गम २०:१७ मध्ये दहावी आज्ञा आहे: शेजाऱ्याच्या घराचा, त्याच्या बायकोचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको. तेथला हिब्रू शब्द निराळा आहे आणि तो निराळा असणे महत्त्वाचे आहे. एकाच यादीत एका टोकाला देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो आणि दुसऱ्या टोकाला लोभाला बंदी घालतो, ते विसरभोळेपणाने नव्हे. लोभ परक्याच्या वस्तूवर हात टाकतो, तर ईर्ष्या आपल्या असलेल्याला हातातून निसटू देत नाही. म्हणून प्रत्येक वचनाला एक साधा प्रश्न विचारावा: ज्याच्यावरून ही ईर्ष्या आहे, ते मुळात कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर देव आणि इस्राएल लोक यांच्यातील कराराशिवाय मिळत नाही, आणि नेमका हाच भाग घाईत वगळला जातो. सीनायपाशी आज्ञा सांगण्यापूर्वीच लोकांनी, परमेश्वराने सांगितलेले सर्व आम्ही करू, असे कबूल केले होते (निर्गम १९:८). ईर्ष्येची भाषा त्या कबुलीनंतर येते; रस्त्याने चाललेल्या परक्याला देव ती ऐकवत नाही. प्राचीन हित्ती राजांनी मांडलिकांशी केलेल्या तहांतही, दुसऱ्या राजाकडे नजर वळवायची नाही, अशा अर्थाची कलमे असत, त्यामुळे अनन्य निष्ठेची अट त्या काळच्या कानांना ओळखीची होती. शेजारच्या राष्ट्रांत मात्र एकाच भक्ताने अनेक देवांना भजण्यात कोणालाही वावगे दिसत नसे. राजकीय करारातली ही अट इस्राएलात उपासनेला लागू झाली, आणि होशेय या संदेष्ट्याने तर तिला संसाराचे रूप दिले. त्याच्या दुसऱ्या अध्यायात दुरावलेल्या पत्नीला नवरा रानात नेऊन तिच्या मनाशी बोलतो. लेखापालाला हिशेब चुकल्याची चीड येते, ईर्ष्या वाटत नाही. ईर्ष्या वाटायला नाते लागते.

आता प्रतिस्पर्धी कोण, ते पाहावे. ही शंका जुनी आहे. इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास काही ज्ञानवादी पंथीयांनी, म्हणजे जगाचा निर्माता हा खरा परमदेव नव्हे असे मानणाऱ्यांनी, हेच वाक्य देवाविरुद्ध साक्ष म्हणून वापरले. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या त्यांच्या एका ग्रंथात, जगाचा निर्माता "मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याखेरीज दुसरा नाही" असे म्हणतो, आणि ग्रंथकर्ता तेथेच त्याला पकडतो: दुसरा कोणी नसेल तर ईर्ष्या कोणाविषयी? युक्तिवाद चपखल आहे, पण तोही 'कोणाचा' या विभक्तीतच अडकलेला आहे. तालमुद या यहुदी धर्मग्रंथात रब्बान गमलियेल या यहुदी गुरूला एका तत्त्वज्ञाने जवळपास याच दिशेचा प्रश्न केल्याची कथा आहे: देव मूर्तीवर न रागावता भक्तांवर का रागावतो? गमलियेलाने दाखला दिला. एका राजपुत्राने कुत्रा पाळला, त्याला आपल्या बापाचे नाव ठेवले आणि शपथ घेताना तो कुत्र्याची शपथ घेऊ लागला. राजाच्या कानावर हे गेले तर तो कोणावर रागावेल, मुलावर की कुत्र्यावर? हा दाखला कुत्र्यासकट, जसाच्या तसा सांगावा. ऐकणारे हसतात, आणि मूर्तीशी देवाची स्पर्धाच नाही हा मुद्दा हसता हसता पोहोचतो.

देवाला खरोखर भावना असतात का, या वादात नवशिक्याने फार वेळ घालवू नये. दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे. प्राचीन यहुदी भाष्यात देव म्हणतो की ईर्ष्येवर माझी सत्ता चालते, ईर्ष्येची माझ्यावर नाही. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने देवाला उद्देशून लिहिले की तू ईर्ष्या करतोस आणि तरी निश्चिंत असतोस. माणसाची ईर्ष्या भीतीतून उगवते आणि झोप उडवते. ही भीती वजा केल्यावर जे उरते त्याकडे हे दोघेही बोट दाखवतात.

पुढची पायरी इशाऱ्याची आहे आणि ती कधीही गाळू नये. गणना २५ मध्ये फिनहास हा याजक एका इस्राएली पुरुषाला आणि एका मिद्यानी स्त्रीला भाल्याने भोसकतो आणि देवाच्या ईर्ष्येने ईर्ष्यावान झाल्याबद्दल त्याची वाखाणणी होते. पुढच्या काळातील यहुदी गुरूंनाही ही कथा जड गेली. यहेज्केल १६ व २३ मधील चित्रे तर एका बैठकीत वाचणे अवघड आहे. बेइमान पत्नीला दिलेल्या शिक्षेचे वर्णन तेथे इतके उघडेवाघडे आहे की, बायकोवर पाळत ठेवणारा, तिचा फोन तपासणारा एखादा नवरा त्यात स्वतःचे समर्थन शोधू शकतो. अशा वेळी आडपडदा न ठेवता सांगावे की हे रूपक देवाकडून माणसाकडे उलटे फिरवता येत नाही. कोणताही माणूस दुसऱ्याचा निर्माता नसतो, त्यामुळे दुसऱ्याच्या संपूर्ण निष्ठेवर त्याचा तसा हक्कही नसतो. प्रेषित पौल करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीविषयी ईश्वरप्रेरित ईर्ष्या बाळगतो (२ करिंथ ११:२), पण त्याच वाक्यात तो स्वतःला वर म्हणवत नाही. वधूला तिच्या खऱ्या वरापर्यंत सुखरूप पोहोचवणाऱ्याची भूमिका घेतो. आणि प्रीती हेवा करत नाही, हेही त्याच पौलाने त्याच मंडळीला लिहिले आहे (१ करिंथ १३:४). तेथले ग्रीक क्रियापद या ईर्ष्येच्या शब्दाचेच भावंड आहे, म्हणजे अर्थ ठरवायला शब्द एकटा पुरत नाही हे येथेही दिसते.

एवढे सगळे एका बैठकीत सांगायचे नसेल, तर निर्गमाचे ३२ ते ३४ हे तीन अध्याय सलग मोठ्याने वाचावेत. साधारण वीस मिनिटे लागतात. सोन्याचे वासरू, फुटलेल्या पाट्या, मोशेची विनवणी आणि नव्या पाट्या, असा तो प्रवास आहे. ३४:६ मध्ये परमेश्वर आपल्याला दयाळू, कृपाळू आणि मंदक्रोध म्हणवतो, आणि अवघ्या आठ वचनांनंतर, ३४:१४ मध्ये, ईर्ष्यावान हे आपले नावच असल्याचे सांगतो. या दोन वचनांमध्ये थांबून स्पष्टीकरण देऊ नये. वाचन पुढे चालू ठेवावे आणि प्रश्न ऐकणाऱ्यांकडून येऊ द्यावा.

पुढच्या वर्षी मी तसेच केले. तीच मुलगी, आता बारा वर्षांची, वाचन संपल्यावर म्हणाली, "एवढं झालं, तर देव त्यांना सोडून निघून का नाही गेला?" मी तिला ३३:३ काढायला सांगितले. तिने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि म्हणाली, "म्हणजे जाणारच होता." मग मोशेने त्याला कसे थांबवले ते शोधायला तिने स्वतःच पान उलटले.