स्थानिक सायकल शर्यतीत उतरताय? या चुका टाळा

क्लबची किंवा जिल्हा पातळीवरची सायकल शर्यत सुरू झाली की पहिल्या आठ-दहा किलोमीटरांतच काही जण मागे पडतात. त्यांच्याकडे नीट बघा. बऱ्याच जणांचे पाय दमदार असतात, सराव असतो, सायकलही चांगली असते. त्यांची ताकद वाऱ्याशी झुंजण्यात, नको तिथे जोर लावण्यात आणि सारखी ब्रेक मारून पुन्हा वेग धरण्यात खर्च झालेली असते. मी इतकी वर्षं या शर्यतींत सायकल चालवतोय आणि माझं मत पक्कं झालंय: आपल्याकडचे हौशी रायडर चाकांवर पैसे खर्च करतात, पण बंचमध्ये, म्हणजे एकत्र चाललेल्या रायडरांच्या घोळक्यात, चालवायला शिकत नाहीत. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

ब्रेवे केली म्हणजे शर्यतीची तयारी झाली असं धरून चालणं

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पूर्ण केली. लांब पल्ल्याची ओढ आपल्याकडे आधीही होती, तिला अशा कामगिरीने आणखी बळ मिळालं. आज पुण्या-नाशकात २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या ब्रेवे (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राइड, शर्यत नव्हे) करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण २०० किमीच्या ब्रेवेला साडेतेरा तास मिळतात. तिथे एका लयीत चालवणारा माणूस पुढे जातो. शर्यतीत लय दुसरेच ठरवतात. वळणावर वेग २५ वर येतो, वळण संपताच पुढचे ४५ ला नेतात, आणि ते दहा सेकंद तुम्ही चुकवले तर बंच गेला. चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत असे झटके पुन्हा पुन्हा बसतात.

त्यामुळे शर्यतीआधीच्या सहा-आठ आठवड्यांत आठवड्यातला एक दिवस छोट्या, तीव्र सरावाला द्या. तीस सेकंद पूर्ण जोर, मग अडीच मिनिटं हलकं पेडलिंग, असं आठ वेळा. आठवड्यात आणखी एका दिवशी तीन-तीन मिनिटांचे पाच टप्पे, प्रत्येकानंतर तेवढीच विश्रांती. आणि रविवारी एकट्याने १०० किमी करण्यापेक्षा गटाबरोबर ६० करा.

आदल्या रात्री सायकल उघडून बसणं

शर्यत रविवारी असेल तर नवी चेन शनिवारी रात्री बसवू नका. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच, झिजलेली असेल तर नवी चेन तिच्या दात्यांवर नीट बसत नाही. स्टँडवर सगळं गुळगुळीत चालतं, पण उभं राहून जोर लावला की चेन उडी मारते आणि गुडघा हँडलवर आपटतो. चेन बदलायची तर आठवडाभर आधी, आणि बदलल्यावर एखाद्या चढावर उभं राहून तपासा. ११ किंवा १२ स्पीडची (मागे तेवढी चक्रं असलेल्या सायकलची) चेन झीज मोजायच्या पट्टीवर ०.५ टक्के वाढली की बदलावी. त्यापुढे ती कॅसेटही खाते.

बाहेरगावच्या शर्यतीला सायकल टेम्पोतून किंवा बसच्या टपावरून नेली असेल तर उतरवल्याबरोबर मागे जाऊन खाली बसा आणि डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, बघा. त्याची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या दात्यांच्या सरळ रेषेत दिसायला हवीत. खालचं चाक आत, स्पोककडे झुकलेलं दिसलं तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकलाय. प्रवासात सायकल उजव्या कुशीवर पडली की हे हमखास होतं. अशा सायकलवर घाटात सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. मग डिरेलर, हँगर, कधी अख्खं चाक हातचं जातं, आणि तेही तुम्ही चढावर तोल सांभाळत असताना. दुरुस्तीला वेळ नसेल तर मागचं सगळ्यात मोठं चक्र त्या दिवशी वापरायचंच नाही असं ठरवून निघा. हँगरची किंमत फारशी नसते. आपल्या फ्रेमचा एक जास्तीचा हँगर पिशवीत असू द्या, कारण एकाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही.

हवेबद्दलचा जुना समज अजून टिकून आहे, ‘दगडासारखं टायर भरलं की सायकल पळते’. आपल्या रस्त्यांवर हे उलटं पडतं. खडबडीत डांबरावर घट्ट टायर उडत राहतो आणि वेग खातो. पासष्ट-सत्तर किलो वजनाच्या रायडरला २५ मिमीच्या टायरमध्ये ८० ते ८५ पीएसआय पुरतात, २८ मिमीला त्याहून कमी. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही. हुकलेस रिम (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली) असेल तर ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर अजिबात जाऊ नका, टायर रिमवरून निसटू शकतो. ट्यूबलेसवाल्यांनी टायरमधलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, किती उरलंय ते उघडून बघावं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. बारामती-सोलापूरकडे बाभळीच्या काट्यांनी मग काय होतं ते सांगायला नको.

वॉर्मअप करून भाषणं ऐकत उभं राहणं

फ्लॅग ऑफ साडेसहाला असतो असं पत्रकावर लिहिलेलं असतं. प्रमुख पाहुणे येतात, सत्कार होतो, दोन शब्द होतात. तोवर थंडीत पाय पुन्हा आखडतात आणि झेंडा पडल्यावर पहिल्याच मिनिटाला जोर लावावा लागतो. वॉर्मअप लवकर उरकू नका, पाहुणे आल्यावर सुरू करा. रांगेत जागा धरायचीच असेल तर अंगावर पातळ जॅकेट ठेवा आणि जागच्या जागी पाय हलवत राहा. शर्यत जितकी छोटी, तितका वॉर्मअप मोठा हवा.

चाकावर चाक चढवणं

सगळ्यात जास्त माणसं यामुळे पडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वाऱ्याचा मार चुकतो आणि त्याच वेगाला सुमारे पाव ते एक तृतीयांश ताकद कमी लागते. म्हणून सगळे एकमेकांना चिकटतात. चिकटायलाच हवं. पण मागे राहायचं सोडून काही जण बाजूने आत घुसतात, आणि त्यांचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येतं. आता रस्त्यावर खड्डा आला. पुढच्याने अर्धा फूट डावीकडे घेतलं. त्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकाला घासलं. त्याला थोडासा धक्का जाणवतो, तो सरळ निघून जातो. तुमचं हँडल मात्र तुमच्या हातात राहत नाही. पुढचं चाक अडलं की तोल सावरायला काहीच उरत नाही, आणि तुमच्यामागचे चार जण तुमच्यावर येतात.

त्यासाठी चाकामागे किंचित बाजूला राहा, पण पुढच्याच्या टायरच्या मागेच. सुरुवातीला पाऊण-एक मीटर अंतर ठेवा, सवय झाली की अर्ध्या मीटरवर या. नजर त्याच्या टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून दोन-तीन रायडर पुढे बघा. अंतर कमी होतंय असं वाटलं तर ब्रेकऐवजी पेडल मारणं थांबवा किंवा छाती थोडी वर करून वारा अंगावर घ्या. वेग आपोआप उतरतो आणि मागच्याला दचकायला होत नाही. कुणाचा खांदा लागला तर दूर पळू नका, कोपर सैल ठेवून सरळ चालवा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. सीटवरून उठताना सायकल क्षणभर मागे जाते, काही इंच. मागचा चिकटून असेल तर त्याचं चाक तुमच्या चाकाला लागतं. उठण्याआधी एक गिअर जड करा आणि पेडल खाली जात असतानाच उठा. मग सायकल मागे येत नाही.

बंचच्या पुढे आल्यावर वारा झेलत किती वेळ ओढायचं? नवखा माणूस पुढे आला की कौतुकाच्या भरात दोन-तीन मिनिटं ओढतो, आणि मागे जाताना शेवटचं चाकही त्याला धरता येत नाही. वीस-तीस सेकंद पुरे. वेग वाढवू नका, आहे तोच ठेवा, कोपराने खूण करा, बाजूला व्हा आणि लगेच हलके होऊन मागे या.

रस्त्याचं म्हणाल तर आपल्याकडे शर्यतीसाठी रस्ता पूर्ण बंद असेलच असं नाही. मधली रेषा ओलांडली तर बाद करतात, आणि ते योग्यच आहे. समोरून एसटी येत असते. गावाबाहेरचे न रंगवलेले स्पीडब्रेकर, वळणावरची खडी, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडलेले उसाचे तुकडे, हे सगळं ओरडून आणि हाताने मागच्यांना दाखवा. उसाच्या कांडीवरून पुढचं चाक गेलं तर चेंडूवरून गेल्यासारखं घसरतं.

इथे साध्या, बिनगिअरच्या सायकलींच्या गटाबद्दल लिहायलाच हवं. ग्रामीण भागातल्या शर्यतींत हा गट असतो. त्यातली मुलं रोज शाळेला-शेतावर सायकलनेच जातात. ती ज्या सहजतेने एकमेकांना खेटून, रेष न सोडता चालवतात, ते लाखभराच्या कार्बन फ्रेमवरच्या अनेकांना जमत नाही. तुमच्या गटाची शर्यत नंतर असेल तर थांबून त्यांची बघा. पुष्कळ शिकायला मिळतं.

घाटाच्या पायथ्याशी जोर लावणं

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्यामुळे घाट म्हटलं की सगळ्यांचंच रक्त सळसळतं. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली आहे आणि लोणावळा सहाशेच्या वर. एवढा चढ पहिल्या दोन वळणांत जिंकता येत नाही. पायथ्याला बंचच्या पुढच्या एक तृतीयांश भागात असा, म्हणजे चढताना काही जण पुढे गेले तरी तुम्ही बंचमध्येच राहता. पहिली काही मिनिटं ‘अजून जोर लावता येईल’ असं वाटत राहिलं पाहिजे. वर जाता जाता तुम्ही बऱ्याच जणांना गाठाल.

पेडलचे फेरे मिनिटाला ६० च्या खाली जात असतील तर गिअर अपुरा आहे. ५०/३४ क्रँकला (पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रं) मागे ११-२८ (११ ते २८ दात्यांची कॅसेट) लावून सिंहगडावर गुडघे दुखवून घेण्यात शौर्य नाही, ११-३२ किंवा ११-३४ लावा.

पुढचा गिअर उतरवताना चेन पडते ती बहुधा जोर लावून ठेवल्यामुळे. चढ लागण्याआधी, पाय हलका करून गिअर टाका. तरीही पडली तर घाबरून थांबू नका. पुढचा गिअर मोठ्या चक्राकडे ढकला आणि हळू पेडल मारा, बऱ्याचदा चेन स्वतःच चढते. फ्रेम आणि चक्राच्या मध्ये अडकली असेल तर मात्र हात वर करून डावीकडे थांबा, डिरेलर पुढे ढकलून चेन सैल करा, लहान चक्राच्या खालच्या दात्यांवर बसवा आणि क्रँक उलटा फिरवा.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, नजर वळण संपतं तिथे. रिम ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापून ट्यूब फुटू शकते, म्हणून दाबा-सोडा असं करा.

खाण्यातल्या गडबडी

तासाभराच्या शर्यतीला मध्ये काही खायची गरज नसते. त्याहून लांब असेल तर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम येतात. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ, एवढं उत्तम चालतं. महागडं जेल पहिल्यांदा शर्यतीतच फोडू नका. शेंगदाण्याची चिक्की शर्यत संपल्यावर, कारण तिच्यातली चरबी पोटात रेंगाळते. पोहे किंवा उपमा अडीच-तीन तास आधी खा. मिसळ बक्षीस समारंभानंतर.

पायात गोळे आले की सगळे मीठ कमी पडलं म्हणतात. बहुतेक वेळा स्नायूंना सवय नसलेला जोर लावल्यामुळे ते येतात. गिअर हलका करा, टाच खाली दाबत पोटरी ताणा, आणि पुढच्या महिन्यात सराव शर्यतीच्या वेगाने करा.

शेवटचे दोन किलोमीटर आधी न बघणं

आदल्या दिवशी शेवटचा टप्पा चालवून बघा. वळण किती मीटर आधी आहे, वारा कुठून आहे, स्पीडब्रेकर कुठे आहे. वारा समोरून असेल तर स्प्रिंट उशिरा, १५० मीटरवर. मागून असेल तर २५० वरूनही चालेल. मान खाली घालून स्प्रिंट मारू नका आणि आपली रेष सोडू नका. शेवटची रेषा ओलांडताच ब्रेक मारू नका. मागून ५० च्या वेगाने लोक येत असतात आणि पुढे मोबाइल घेऊन उभे असलेले नातेवाईक रस्त्यावर आलेले असतात.

पडल्यावर लगेच उठून पळणं

हे कळकळीने सांगतो. डोकं आपटलं असेल, गरगरतंय, उलटीची भावना आहे, आत्ता काय झालं ते आठवत नाही, यातलं एक जरी असेल तर शर्यत तिथेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. सोबतचा पडलेला असेल आणि ‘काही नाही झालं’ म्हणत असेल, तर त्याला आजचा वार आणि शर्यतीचं गाव विचारा. उत्तर अडखळलं तर त्याला सायकलवर बसू देऊ नका, तो रागावला तरी चालेल. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. बाहेरून धड दिसतं, आतला फोम दबलेला असतो. कार्बनचा फोर्क किंवा हँडल आपटलं असेल तर मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय चालवू नका.

निकालात नाव नसेल तर आधी टायमिंग चिप सांगितलेल्या जागीच लावली होती का ते बघा, बिब क्रमांक (अंगावर लावायचा शर्यतीतला क्रमांक) जर्सीखाली झाकला गेला नव्हता ना ते बघा. मग नियमपत्रकात दिलेल्या वेळेत लेखी हरकत द्या. बक्षीस समारंभ सुरू झाल्यावर बहुतेक ठिकाणी कोणी ऐकून घेत नाही.