मोठ्या कुंडीसाठी ओल मानवणारी सोबती झाडे कशी निवडावीत

२०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप मधोमध आडवे कापले की दोन मोठ्या कुंड्या होतात. माती भरून भिजवल्यावर त्यातली एकेक कुंडी १५० किलोच्या आसपास भरते, म्हणून गच्चीवर ती तुळईवर, भिंतीलगतच ठेवावी.

नदीकाठची काळी माती एकटी वापरू नये. वाळली की ती आक्रसते, कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून माती ओली दिसते, मुळे मात्र कोरडीच राहतात. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पुरते.

खरी चूक होते ती झाडांच्या निवडीत. रोपे विकणारे बहुतेक जण 'पाणी आवडणारी' असे एकच नाव सगळ्यांना देतात आणि तो सल्ला मला फार महाग पडला. पहिल्या वर्षी मी एकाच कुंडीत मधोमध अळू आणि भोवती आले व शेवंती लावली. जूनभर सगळे टवटवीत होते. जुलैमध्ये कोल्हापुरात आठवडा-आठवडा पाऊस थांबत नाही. तेव्हा आल्याची पाने खालून पिवळी पडू लागली आणि एक कोंब सहज ओढला तर तो हातातच आला, बुडाशी मऊ, लिबलिबीत आणि दुर्गंधी येणारा. ती कंदकुज होती. शेवंतीही मुळाशी कुजली. पुढच्या वर्षी मी धास्तीने पाणी कमी केले, तर एप्रिलमध्ये अळूच्या पानांच्या कडा करपल्या.

तेव्हापासून मी दोन गट कटाक्षाने वेगळे ठेवते. अळू, कर्दळ, वेखंड, सोनटक्का आणि ब्राह्मी यांना मुळाशी पाणी साचलेले चालते. हळद, आले, पुदिना आणि बहुतेक नेचे यांना ओल सतत हवी असते, पण मुळांना हवाही लागते, म्हणून तुंबलेले पाणी त्यांना मारते. शेवंती आणि जरबेरा या दोन्ही गटांत बसत नाहीत. ती वेगळ्या कुंडीतच लावावीत. पाने एकमेकांना शोभतात एवढ्यावरून जोडी कधीही जमवू नये. जुलैची संततधार आणि एप्रिलचे ऊन ही दोन्ही ज्या झाडांना सारखीच सोसतात, त्यांनाच एका मातीत ठेवावे.

गटानुसार भोकेही वेगळी पाडावी लागतात. पहिल्या गटाच्या कुंडीला बुडाशी भोक न पाडता बाजूला, तळापासून तीन इंचांवर एकच पाडावे, म्हणजे खाली पाण्याचा साठा राहतो. दुसऱ्या गटाच्या कुंडीला तळाशी अर्ध्या इंचाची सहा भोके पाडून ती विटांवर ठेवावी. निचऱ्यासाठी तळाला खडी घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीवरच्या मातीच्या थरात अडून राहते आणि चिखलाचा तो थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

लावताना कर्दळ पश्चिमेच्या कडेला घ्यावी, म्हणजे दुपारचे ऊन ती अंगावर घेते आणि तिच्या सावलीत अळू करपत नाही. ब्राह्मी काठाने पसरू द्यावी. दुसऱ्या गटातला पुदिना मात्र त्या गटाच्या कुंडीतही थेट मातीत लावू नये, कारण तो दोन पावसाळ्यांत सगळी कुंडी व्यापतो. छोट्या कुंडीसकट तो मोठ्या कुंडीत पुरावा. खाण्याच्या अळूशेजारी शोभेचे कॅलेडियम लावण्याचा मोह टाळावा. पाने सारखी दिसतात, ते खाण्याजोगे नसते आणि भाजीसाठी पाने तोडणारा हात दरवेळी आपलाच असतो असे नाही.

वर दोन इंच उसाचे पाचट पसरावे. ते आपल्याकडे मुबलक मिळते आणि उन्हाळ्यात ओल टिकवते. दुसऱ्या गटाला पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कुंडीखाली ताटली असेल तर ती आठवड्यातून दोनदा रिकामी करावी, नाहीतर डास होतात.

दर दोन वर्षांनी, वळवाचे पाऊस सुरू झाले की, कर्दळ आणि सोनटक्का यांचे कंद उकरून निम्मे काढून घ्यावेत.