गलांडा कुजत होता, वाळूने तरला

गोरेगावच्या आमच्या गॅलरीत गेल्या पावसाळ्यात गलांडा पिवळा पडायला लागला. मला वाटलं, भूक लागली असेल. शेणखत दिलं, वर रोज पाणी. चार दिवसांत मान टाकली. कुंडी उपटली तर बुंधा काळा पडून मऊ झालेला, मुळं तपकिरी, आणि डबक्यासारखा वास.

मालाडची आत्या बघून म्हणाली, "अगं, याला लाड नकोत, याला वाळू दे." आणि ते खरंच आहे. गलांडा सूर्यफुलाच्या कुळातला. याचे जातभाई अमेरिकेत, मेक्सिकोच्या आखाताकाठी समुद्राच्या वाळूत उगवतात. कस नसलेली जमीन, कडक ऊन, पाणी लगेच निथळणारं. मी मात्र कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि खताचा चिखल करून ठेवला होता.

कुजकी मुळं कात्रीने छाटली. दोन वाटे नदीची जाड वाळू, एक वाटा माती, मूठभर विटांचे तुकडे, खत अगदी चिमूटभर. चौपाटीवरची वाळू आणू नका, तिच्यात मीठ असतं. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतात, आणि पाऊस थेट लागणार नाही अशा कोपऱ्यात सरकवली. आता बोट खुपसून दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी.

तीन आठवड्यांनी बुंध्याजवळ लवदार कोवळी पानं फुटली. दिवाळीत पहिलं फूल आलं, मधे तांबडं, कडेला पिवळं. सुकलेली फुलं खुडते, त्यामुळे कळ्या येतच राहतात. मात्र दोन फुलं बियांसाठी राखली आहेत, आत्याला द्यायची आहेत.