कोंबडीची चोच तुटली? उपचार करताना या चुका टाळा

चोच तुटलेली कोंबडी बघवत नाही. ती मान झटकते आणि रक्ताचे थेंब भिंतीपर्यंत उडतात. आता काही ही वाचत नाही, असंच वाटतं. पण नुसतं टोक तुटल्याने कोंबडी सहसा दगावत नाही. दगावते ती पुढच्या काही दिवसांत, उपासमारीने, आणि तीही समोर भरलेलं भांडं असताना. त्या खालोखाल नुकसान होतं आपल्या उतावळेपणामुळे.

चोच वरून नखासारखी निर्जीव दिसते. वरचं आवरण केराटिनचंच असतं आणि झिजेल तसं वाढत राहतं. त्याच्या आत मात्र रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत थर असतो, आणि त्याच्याही आत हाड. म्हणून चोच दुखते आणि भरपूर रक्तही येतं. फक्त आवरणाचं टोक गेलं असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते भरून येतं. हाड मोडलं असेल किंवा चीर थेट नाकपुड्यांपर्यंत गेली असेल, तर चोच पूर्वीसारखी होईलच असं नाही. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नका, पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.

लोंबणारा तुकडा ओढून काढणं

हात शिवशिवतात, पण ओढू नका. तुकडा आतल्या थराला चिकटलेला असेल तर ओढताना जिवंत भाग फाटतो आणि थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. तो कापायचा की ठेवायचा, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आधी रक्त थांबवा. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळा, पण छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. घट्ट धरलेली कोंबडी शांत झाली म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि ती प्रत्यक्षात गुदमरत असते. उताणी तर मुळीच धरू नका. स्वच्छ गॉज टोकावर दाबून पाच मिनिटं धरा. थांबलं का, हे दर दहा सेकंदांनी उचलून बघू नका, त्याने धरत आलेली गुठळी निघते. चिमूटभर कॉर्नफ्लोअर टोकावर दाबलं तरी मदत होते. फक्त ते तोंडात किंवा नाकपुडीत जाऊ देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनीही रक्त वाहतच असेल तर वाट बघू नका.

घरातल्या गोंदाने चोच चिकटवणं

झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चोच जोडल्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. डॉक्टरही काही वेळा चिरलेली चोच अशा पदार्थाने जोडतात, पण जखम साफ करून, ती कोरडी झाल्यावर आणि आत घाण नाही याची खात्री करून. आपण घाईत तेच केलं तर जंतू आत बंद होतात, गोंद नाकपुडीत किंवा जिभेला लागतो, आणि चोच वेडीवाकडी जुळली तर खाणं आणखी अवघड होतं. टोकाचा तुकडा पूर्ण निघालेला असेल तर तो परत चिकटवण्यात काही अर्थ नाही. तो जगत नाही.

‘टोचतेय ना, म्हणजे खातेय’ असं समजणं

सगळ्यात जास्त कोंबड्या या चुकीमुळे जातात.

वरच्या चोचीचं टोक गेलेली कोंबडी नीट जवळून बघा. ती भांड्यावर येते, टोचते, मान वर करते, पुन्हा टोचते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, छान जेवतेय. पण दाणा चिमटीत धरायला वरचं टोकच नाही, त्यामुळे तो खालच्या चोचीवरून घरंगळून परत भांड्यात पडतो. थोड्या वेळाने खाद्य विस्कटलेलं दिसतं, जरा सांडलेलंही असतं, आणि पोटात मात्र दोन-चार दाणे गेलेले असतात.

म्हणून भांड्याकडे बघून अंदाज बांधू नका, हाताने तपासा. मानेच्या खाली, छातीच्या वरच्या भागात, कोंबडीच्या उजव्या अंगाला अन्नाची पिशवी असते. संध्याकाळी ती मऊ आणि भरलेली लागली पाहिजे, सकाळी रिकामी. संध्याकाळीही पिशवी चपटी लागत असेल तर कोंबडी उपाशी आहे. सकाळीही ती भरलेलीच लागली तर अन्न पुढे सरकत नाहीये. हे वेगळं दुखणं, आणि तेही डॉक्टरांना दाखवायचं. रोज सकाळी त्याच वेळी वजन करा. पातळ, गडद हिरवी विष्ठा दिसली तर पोटात अन्न जात नसल्याची शंका घ्या.

उपाय तसा सोपा आहे. अख्खे दाणे आणि कडक पेलेट (खाद्य दाबून केलेल्या गोळ्या) बंद करा. नेहमीचंच खाद्य कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा आणि उथळ ताटलीऐवजी खोल, जड भांड्यात द्या. थर चार-पाच सेंटीमीटरचा हवा. तुटक्या चोचीने टिपता येत नाही, पण खोल खाद्यात चोच खुपसून उपसता येतं. उकडलेलं अंडं कुस्करून मिसळलं तर प्रथिनं मिळतात. भिजवलेलं खाद्य लवकर आंबतं, म्हणून थोडं थोडं द्या आणि उरलेलं काही तासांनी फेकून द्या. पाण्याचंही भांडं खोलच हवं. निप्पलमधून (चोचीने दाबल्यावर पाणी सोडणाऱ्या तोटीतून) पिणारी कोंबडी असेल तर तिला काही दिवस वाटी द्या, कारण दुखऱ्या चोचीने निप्पल दाबवत नाही.

दिवसभर काहीच पोटात गेलं नाही तर सिरिंज भरून घशात पाणी ओतायचा मोह होतो. नको. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, तिचं तिला गिळू द्या. नळीने भरवायची वेळ आली तर ते काम डॉक्टरांकडून शिकूनच करा.

जखमेवर दिसेल ते लावणं

साफ करायला मिठाचं पाणी पुरतं: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा वापरू नका, त्याने नवीन येणारी ऊतीही जळते. तेलकट मलमाने नाकपुड्या बुजतात, आणि चोचीला लावलेलं औषध शेवटी पोटातच जातं हे विसरू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही तेव्हाच विचारून घ्या.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो पनीरसारखा घट्ट असतो. त्यामुळे काही वाहत नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असं धरून चालू नका. चोचीच्या मुळाशी टणक सूज, घाण वास किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेणं दिसलं की निघा. माश्यांच्या दिवसांत जखम रोज दोनदा बघा. अळ्या पडायला वेळ लागत नाही.

लगेच परत सोडणं, किंवा अगदी कोंडून ठेवणं

रक्ताचा लाल डाग दिसला की बाकीच्या कोंबड्या त्यावरच टोचत राहतात, मग ती कितीही लाडकी असो. जखमेवर खपली धरून ती कोरडी होईपर्यंत वेगळं ठेवा. पण बंद खोलीत नको. जाळीपलीकडे बाकीच्या दिसतील अशी जागा बघा, नाहीतर परतल्यावर ती परकी ठरते आणि नव्याने मार खाते.

दरम्यान तिची पिसं उचकून बघा. चोच नीट नसेल तर पिसं साफ करता येत नाहीत आणि उवा आणि माइट्स (अंगावरचे बारीक किडे) भराभर वाढतात. पंखांखाली आणि शेपटीखाली आधी बघा.

पुढचे काही महिने समोरच्या चोचीवरही लक्ष ठेवा. वरचं टोक नसलं की खालची चोच झिजत नाही आणि फावड्यासारखी पुढे येते. ती नखांच्या कानशीने थोडी थोडी घासा. नेलकटर लावलात तर आतला जिवंत भाग कापला जाईल. काहींची चोच कायमचीच आखूड राहते. अशा कोंबड्याही खोल भांड्यावर वर्षानुवर्षं मजेत जगतात. फक्त गर्दीत त्यांना खायला वेळ जास्त लागतो, म्हणून त्यांचं भांडं वेगळं ठेवा, आणि चोच जाळीत अडकून तुटली असेल तर ती जाळी त्याआधी बदला.