गाळा कुठे घ्यायचा? नकाशाला विचारायची रीत

वहिनीला पोळीभाजी केंद्र काढायचं होतं. डोक्यात पुण्यातले तीन भाग होते, कोथरूड, कर्वेनगर आणि सिंहगड रस्ता, आणि प्रत्येकाचा एकेक वकील घरातच बसलेला. बाबांचं कोथरूड, दादाचं सिंहगड रस्ता, आणि वहिनीचा ओढा कर्वेनगरकडे. तीन रविवार नुसता वाद झाला. मग मी लॅपटॉप उघडला. पुढे जे केलं ते क्रमाने लिहितोय. तुम्हाला दवाखाना काढायचा असो, शिकवणी असो की गावात दूध संकलन केंद्र, रीत हीच. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, संध्याकाळी मात्र बऱ्याच जातात.

1. आधी प्रश्न मोजता येईल असा करा

‘चांगली जागा’ संगणकाला कळत नाही. वहिनीला विचारलं, गिऱ्हाईक कोण? ‘हॉस्टेलच्या आणि पीजीतल्या मुली, आणि दोघंही नोकरी करतात अशी घरं.’ डबा न्यायला किती चालतील? ‘10 मिनिटं. त्यापुढे मोबाइलवरून मागवतील.’ 10 मिनिटं म्हणजे साधारण 800 मीटर. झाला प्रश्न तयार.

आता कागदावर दोन रकाने आखा. एकात ज्या अटी मोडल्या तर जागा थेट बाद, त्या. दुसऱ्यात ‘असेल तर बरं’ अशा. भाड्याची मर्यादा पहिल्यात जाते, पार्किंग बहुधा दुसऱ्यात. (दादाशी यावरून वाजलं.) हे रकाने आधीच वेगळे केले नाहीत, तर एखादी अशक्य जागा बाकीच्या गुणांवर वर येऊन बसते.

2. हत्यारं

नकाशा बघायला आणि थर एकमेकांवर ठेवायला क्यूजीआयएस. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस्क्यूएल आणि त्यावर पोस्टजीआयएस हे जोडसॉफ्टवेअर. सगळं मोफत. साध्या तक्त्यात पत्ता म्हणजे नुसती अक्षरं असतात. पोस्टजीआयएसमध्ये एका रकान्यात बिंदू, रेषा किंवा सीमा साठवता येते, म्हणून ‘इथून 800 मीटरच्या आत काय काय आहे’ हे थेट विचारता येतं.

खरं सांगायचं तर चाळीस-पन्नास जागाच तपासायच्या असतील तर डेटाबेस सर्व्हर बसवायच्या फंदात पडू नका. क्यूजीआयएस आणि एक जिओपॅकेज फाइल (नकाशाचे सगळे थर एकत्र साठवणारी) पुरे. तोच प्रश्न अटी बदलून पुन्हापुन्हा विचारायचा असेल, किंवा माहिती हजारो ओळींची असेल, तेव्हा पोस्टजीआयएसचं सार्थक होतं.

3. माहिती गोळा करा

रस्ते, कॉलेजं, बसथांबे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून मिळतात. क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम नावाचं प्लगइन आहे, त्यातून हव्या तेवढ्या भागाचीच माहिती उतरवता येते. ती वापरताना श्रेय द्यावं लागतं, आणि तिच्यावरून केलेला डेटाबेस जाहीर केला तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. गुगल मॅप्सवरची दुकानं उचलून आपल्या डेटाबेसात भरायचा मोह होईल, पण त्यांच्या अटींत ते बसत नाही.

लोकसंख्येसाठी 2011ची जनगणना. 2021ची पुढे ढकलली गेली, म्हणून तीच. पण पुणं तेव्हाचं राहिलेलं नाही. 2017मध्ये 11 गावं पालिकेत आली, 2021मध्ये आणखी 23. शिवणे, धायरीचा उरलेला भाग हे 2011च्या प्रभागांत शोधाल तर सापडणार नाहीत, त्यांचे आकडे गावांच्या यादीत आहेत. आणि तिथल्या तेव्हाच्या शेतात आता बारा मजली इमारती उभ्या आहेत. तेव्हा हा आकडा अंदाजाला वापरा, भरवशाला नको.

पीजी आणि खाणावळी नकाशावर जवळजवळ नव्हत्याच. दोन रविवार वहिनी आणि मी स्कूटरवरून फिरलो, क्यूफील्ड अ‍ॅपमध्ये प्रत्येक ठिकाणी उभं राहून बिंदू टिपला. कंटाळवाणं काम, पण सगळ्या डेटाबेसात खात्रीची माहिती तेवढीच होती.

नावं देवनागरीत भरत असाल तर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीतच साठवा. नाहीतर ‘अन्नपूर्णा भोजनालय’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.

4. अक्षांश-रेखांशांशी नीट वागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण पोस्टजीआयएसला बिंदू करताना रेखांश आधी द्यावा लागतो. पुणं साधारण 18.5 उत्तर, 73.8 पूर्व. मी उलटं भरलं आणि कर्वेनगरातल्या सगळ्या खाणावळी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाऊन पडल्या.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. जीपीएसचे आकडे अंशांत असतात. तसेच ठेवून ‘800च्या आत’ विचारलं तर डेटाबेस 800 अंश समजतो. पृथ्वीचा अख्खा फेरा 360 अंशांचा, त्यामुळे प्रत्येक गाळ्याला प्रत्येक हॉस्टेल जवळच! माझ्या तक्त्यात सगळ्या गाळ्यांसमोर एकच आकडा आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अंशाला एका ठरावीक आकड्याने गुणून मीटर काढायचा विचारही सोडा. पुण्याच्या आसपास अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटर असतो, रेखांशाचा मात्र 105-106च.

उपाय सोपा आहे. माहिती मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत बदलून घ्या. यूटीएम ही तशी प्रणाली, ती पृथ्वीचे उभे विभाग पाडते आणि प्रत्येक विभागाला सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा एक कोड असतो. पुणे, मुंबई, कोल्हापूरसाठी यूटीएम विभाग 43 उत्तर, कोड 32643. रेखांश 78च्या पूर्वेला, म्हणजे नागपूरला, विभाग 44, कोड 32644. किंवा रकान्याचा प्रकार जिऑग्रफी ठेवा, मग अंतर आपोआप मीटरमध्ये येतं.

5. आता विचारा

बिंदूंच्या रकान्यावर जिस्ट अनुक्रमणिका (जवळचे बिंदू पटकन शोधून देणारी सूची) बांधा, म्हणजे उत्तराची वाट बघत बसावं लागत नाही. मग एसटी_डीविदिन हे ‘इतक्या अंतराच्या आत आहे का’ तपासणारं फंक्शन वापरून, विचारात असलेल्या प्रत्येक गाळ्यासाठी मोजा: 800 मीटरच्या आत हॉस्टेलं-पीजी किती, 300 मीटरच्या आत खाणावळी किती.

इथे दोन खड्डे आहेत. तक्ते साध्या जॉइनने (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या जोडणीने) जोडले तर ज्या गाळ्याजवळ एकही खाणावळ नाही तो यादीतूनच गळतो, म्हणजे आपल्याला हवा तोच. लेफ्ट जॉइन वापरा, त्यात जुळणी नसलेला गाळाही राहतो. शिवाय दोन्ही मोजण्या एकाच जोडणीत करू नका. 4 पीजी आणि 3 खाणावळी असतील तर दोन्हींची संख्या 12 येते. आधी वेगवेगळं मोजून नंतर उत्तरं जोडा.

6. नदीला विसरू नका

माझ्या पहिल्या यादीत सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या बाजूचा एक गाळा वरती आला, कारण 800 मीटरच्या वर्तुळात पलीकडच्या कर्वेनगरातली हॉस्टेलं येत होती. मधे मुठा आहे! मुलगी डबा न्यायला राजाराम पुलाला वळसा घालून येणार की काय? दादा त्या यादीची छपाई काढून ठेवणार होता.

वर्तुळ टाका, चालण्याचा वेळ मोजा. ओआरएस टूल्स हे प्लगइन दिलेल्या बिंदूपासून 10 मिनिटांत पायी जिथवर पोचता येतं तेवढा भाग रंगवून देतं. तो भाग कधीच गोल नसतो. नदी, मोठा रस्ता, सोसायटीची लांबलचक भिंत, तिथे तो आत दबतो. वर्तुळाऐवजी हे आकार वापरून मोजणी पुन्हा केली आणि तो गाळा तळाला गेला.

नदीकाठचे गाळे आणखी एका अटीवर तपासा. पाटबंधारे खात्याच्या निळ्या पूररेषेत 25 वर्षांतून एकदा येणारा पूर धरलेला असतो, लाल रेषेत 100 वर्षांतून एकदा येणारा. ही अट पहिल्या रकान्यातली. जुलै 2024मध्ये खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं होतं, ते आठवा आणि भाडं कमी का आहे ते समजून घ्या.

7. गुण द्या, मग ते हलवून बघा

उरलेल्या गाळ्यांना गुण द्या: गिऱ्हाईक, स्पर्धा, भाडं. कशाला किती वजन हे शेवटी तुमचं मत आहे, गणित नाही. म्हणून वजनं थोडी वरखाली करून बघा. तरीही वरचे दोन-तीन तेच राहिले तर निकाल पक्का धरायला हरकत नाही. जरा हलवलं की क्रम बदलत असेल तर त्या जागा सारख्याच आहेत, उगाच दशांशात भांडू नका.

आमच्याकडे शेवटी कर्वेनगरातले दोन गाळे उरले. संध्याकाळी साडेसातला दोन्हीकडे जाऊन उभे राहिलो. पहिल्या क्रमांकाच्या गाळ्याला रस्त्यापासून सहा पायऱ्या होत्या, त्याही अरुंद. वहिनी म्हणाली, ‘पाठीवर सॅक, एका हातात मोबाइल. तीस रुपयांच्या भाजीसाठी कोण चढणार इथे?’ आम्ही दुसऱ्याचं भाडं विचारायला गेलो. पायऱ्यांचा रकाना मी त्या रात्री तक्त्यात वाढवला.