घोरण्यावर दातांचं उपकरण: आधी चाचणी, मग साचा, मग पुन्हा चाचणी

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुपारी तीनच्या सुमाराला प्रूफ वाचता वाचता डोळा लागायचा, पेन्सिल निसटायची आणि ओळीवरून खाली एक तिरकी रेघ उमटायची. एका आठवड्यात अशा 11 रेघा निघाल्या. रात्री आठ तास झोपत होते, म्हणजे झोप अपुरी म्हणायचीही सोय नव्हती. त्याच दिवसांत नवरा म्हणाला, "तू घोरतेस त्याचं काही नाही गं. पण मधेच आवाज बंद होतो आणि मी अंधारात आकडे मोजत बसतो. काल बावीसपर्यंत मोजले, तेव्हा कुठे तू दचकून श्वास घेतलास."

मी 'घोरतेस' एवढंच ऐकलं. लाज वाटली आणि गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायचं तयार उपकरण विकत आणलं. घोरणं खरंच थांबलं. आम्ही दोघंही निश्चिंत झालो. पेन्सिलीच्या रेघा मात्र थांबल्या नाहीत. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ते उपकरण तोंडात ठेवूनच झोपेची चाचणी करायला लावली. श्वास तासाला 19 वेळा अडत होता, तोही आवाज न करता. ते काढून केलेल्या चाचणीत हाच आकडा 27 आला.

म्हणून, मी ज्या क्रमानं जायला हवं होतं त्या क्रमानं लिहिते.

पहिली पायरी चाचणीची, आणि ती दातांच्या डॉक्टरांकडे नाही. घोरणं म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि घशाच्या भिंती थरथरल्याचा आवाज. स्लीप ॲप्निया म्हणजे ती वाट मिटून श्वास निदान 10 सेकंद थांबणं. अर्धवट मिटून श्वास उथळ झाला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला, तर तेही मोजतात. तासाला असे प्रसंग 5 ते 15 असले तर सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. हा आकडा हातात असल्याशिवाय कोणालाही दातांचा साचा घेऊ देऊ नका. झोपेच्या विकारांचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर चाचणी लिहून देतात. पुष्कळांना ती घरच्या घरी करता येते: बोटाला ऑक्सिजन मोजणारी टोपी, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा. झोपलेल्या माणसाला हा आकडा स्वतः कधीच कळत नाही. दातांचे डॉक्टर संशय घेऊ शकतात. जिभेच्या कडेवरचे दातांचे ठसे, झिजलेल्या दाढा, मोठ्या टॉन्सिल्स त्यांना आधी दिसतात. पण निदान त्यांचं काम नाही. शिवाय ॲप्नियाच्या एका प्रकारात घसा उघडाच असतो, मेंदूकडूनच श्वासाचा इशारा येत नाही. तिथे दातांच्या उपकरणानं जबडा कितीही पुढे ओढला तरी उपयोग नाही. हा फरक चाचणीतच दिसतो.

जाताना एक काम करून जा. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी असते: वाचताना, टीव्ही बघताना, गाडी सिग्नलला थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 24. बेरीज 10 च्या वर गेली तर दिवसाची झोप नेहमीपेक्षा जास्त आहे असं धरतात. माझी 15 होती. गाडी चालवताना झोप येत असेल, तर उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवू नका. हे मी विनवून सांगते आहे.

आता उपकरण करतं काय ते. बसल्या जागी घोरण्याचा आवाज काढून पाहा. मग खालचा जबडा जमेल तेवढा पुढे काढा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आणा, आणि तोच आवाज पुन्हा काढायचा प्रयत्न करा. बहुतेकांना तो नीट काढता येत नाही. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि तिच्या मागची वाट रुंदावते. रात्री झोपेत स्नायू सैल पडले तरी जबडा मागे घसरू नये, म्हणून वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक पट्टी बसवून त्या एकमेकींत अडकवतात. एवढंच ते यंत्र.

ते कोणाला द्यावं याबद्दल अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी 2015 साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. ॲप्निया नसलेलं नुसतं घोरणं असेल, किंवा ॲप्निया असून सीपॅपचं यंत्र सोसत नसेल वा नको असेल, तर अशा मोठ्या माणसांना हे उपकरण द्यावं, असं त्यांत आहे. ते त्या माणसाच्याच दातांच्या मापाचं आणि पुढे-मागे सरकवता येणारं असावं, आणि नंतर पुन्हा चाचणी व्हावी, हेही त्यांतच आहे. माझ्या तयार उपकरणात यांतलं काहीच नव्हतं. सीपॅप म्हणजे मुखवट्यातून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. आकडा खाली आणण्यात ते दातांच्या उपकरणापेक्षा सरस आहे, आणि आजार तीव्र असेल तर आधी तेच नेटानं वापरून पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे. दातांच्या उपकरणाची जमेची बाजू अशी की लोक ते रात्रभर तोंडात ठेवतात. मुखवटा पुष्कळांच्या हातून मध्यरात्री बाजूला पडतो.

दुसरी पायरी तोंडाच्या तपासणीची. उपकरण दातांच्या आधारानं उभं असतं, त्यामुळे दोन्ही जबड्यांत पुरेसे पक्के दात हवेत. हिरड्यांचा आजार होऊन दात हलत असतील तर आधी तो बरा करा. किडलेले दात, राहिलेल्या कॅप्स आधीच उरका; साचा घेतल्यावर दाढेवर नवी कॅप बसवली की उपकरण तिथे बसत नाही. कानापुढच्या सांध्यात दुखत असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, जबडा पुढे सरकतच नसेल, तर ते स्पष्ट सांगा. पूर्ण कवळी असलेल्यांना हे चालत नाही. त्यांच्यासाठी जीभच पुढे ओढून धरणारा मऊ फुगा असतो, पण त्याची सवय व्हायला जड जाते. रात्री दात खाता म्हणून कोणी वरच्या दातांवर साधी पट्टी देत असेल तर ॲप्नियाबद्दल आधी सांगा. जबडा पुढे न नेणाऱ्या पट्टीनं काहींचा ॲप्निया वाढू शकतो.

तिसरी पायरी साच्याची. दातांचं माप मऊ मसाल्यात किंवा स्कॅनरनं घेतात. मग एका मोजपट्टीवर दात टेकवून जबडा पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे किती जातो ते पाहतात. माझा 11 मिलिमीटर सरकत होता. सुरुवात साधारण निम्म्यापासून ते 70 टक्क्यांपर्यंतच्या जागेवर करतात. मला 6 वर बसवलं. तिथून पुढे जाण्यासाठी बाजूला बारीक स्क्रू होता, एका फेऱ्याला पाव मिलिमीटर. डॉक्टर सांगतील तेवढेच फेरे द्या, आणि कोणत्या तारखेला किती दिले ते लिहून ठेवा. मी कॅलेंडरवर लिहीत होते. एका आठवड्यात घाईनं चार फेरे दिले आणि सकाळी कानापुढे कळ आली. दोन फेरे मागे घेतले, पंधरा दिवस थांबले, मग सावकाश पुढे गेले. शेवटी साडेसात मिलिमीटरवर स्थिरावले.

पहिल्या आठवड्यात लाळ इतकी सुटते की उशी ओली होते. काहींचं उलट तोंड कोरडं पडतं. दोन्ही बहुधा ओसरतं. एखादाच दात ठणकत असेल तर सोसू नका, तिथे पट्टी आतून थोडी घासून द्यावी लागते. सकाळचा अनुभव चमत्कारिक असतो: उपकरण काढून तोंड मिटलं की पुढचे दात आधी भिडतात आणि दाढा एकमेकींना लागतच नाहीत. यासाठी डॉक्टर बोटाच्या पेराएवढी एक छोटी पट्टी देतात. ती पुढच्या दातांत धरून हळूहळू चावायची, की जबडा मागे जागेवर येतो. मला दहा मिनिटं लागतात. हे रोज करा, कंटाळा करू नका. कारण वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकतात, काहींचा चावा कायमचा बदलतो. मला हे कोणीतरी सुरुवातीलाच सांगितलं, म्हणून साचा घेण्याआधी दातांचे फोटो काढून ठेवले. तुम्हीही काढा.

धुण्याला कोमट पाणी आणि मऊ ब्रश. गरम पाणी नको, पट्टी वाकते. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते.

चौथी पायरी लोक गाळतात. स्क्रूची जागा ठरली की उपकरण घालून पुन्हा चाचणी करा. माझा आकडा 4 आला. त्या महिन्याच्या प्रुफांत एकही तिरकी रेघ नव्हती. आकडा खाली आला नाही, तरी वाटा आहेत: जबडा अजून थोडा पुढे, उपकरणाबरोबर कमी दाबाचा सीपॅप, पाठीवर झोपणं टाळणं, वजन उतरवणं, झोपण्याआधीचं मद्य बंद, झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं. काहींच्या बाबतीत दोन्ही जबडे शस्त्रक्रियेनं पुढे आणतात. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, पण निवडक रुग्णांत तिचा गुण चांगला येतो.

मूल घोरत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. लहानांत आधी टॉन्सिल्स आणि नाकामागची गाठ पाहतात, आणि टाळू अरुंद असेल तर तो रुंदावण्याचं काम दात सरळ करणारे डॉक्टर करतात. वाढत्या जबड्यावर मोठ्यांचं उपकरण बसवायचं नसतं.

पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा उपकरण डबीत घेऊन दाखवायला जा. काही वर्षांनी ते सैल होतं, बदलावं लागतं. वजन वाढलं, दिवसा पुन्हा डोळे मिटायला लागले, किंवा शेजारी झोपणारं माणूस पुन्हा आकडे मोजायला लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.